तुझे काम कोणाच्या दारी पोहोचते, ते पाहून ये

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. ‘दिवसभर नमुने भरते, पुढच्या टेबलाला देते आणि संध्याकाळी आज काय केले हे मलाच सांगता येत नाही,’ हे तुझे वाक्य मला अस्वस्थ करून गेले. तू कामचुकार नाहीस, हे मी जाणतो. म्हणून धीराचे शब्द लिहिण्यात वेळ घालवत नाही. जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात तुझ्या हाताखालून रोज निवृत्तिवेतनाची प्रकरणे जातात, पण त्यांतल्या एकाही शिक्षकाला किंवा ग्रामसेवकाला तू अद्याप भेटलेली नाहीस, असे तुझ्या पत्रावरून दिसते. तुझ्या मरगळीचे मूळ मला तिथेच सापडते.

एका शिक्षकाच्या प्रकरणात कोणी सेवापुस्तकातील नोंदी तपासतो, कोणी वेतननिश्चितीची पडताळणी करून आणतो, कोणी कार्यालयाचे काही देणे बाकी नसल्याची ना-देय प्रमाणपत्रे गोळा करतो, तर कोणी उपदानाचा (ग्रॅच्युइटीचा) आणि अंशराशीकरणाचा, म्हणजे निवृत्तिवेतनाचा काही भाग एकरकमी घेण्याचा, हिशेब मांडतो. हिशेबाच्या शिस्तीसाठी ही वाटणी आवश्यक आहे; ती मोडावी असे मी म्हणणार नाही. परंतु तिच्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला कागद येतो आणि माणूस कोणाच्याच वाट्याला येत नाही. रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी १९७६ साली, कामात मन लागण्यासाठी त्या कामाच्या अंगी काय असावे लागते याची जी मांडणी केली, तीत काम आरंभापासून शेवटपर्यंत नजरेत असणे आणि त्याचा दुसऱ्याच्या आयुष्यावर होणारा परिणाम, या दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. तुझ्या टेबलावर दुसरी भरपूर आहे. पहिलीच नसल्यामुळे ती तुला जाणवत नाही.

म्हणून तुझे काम ज्याच्या दारी पोहोचते, त्याला पाहून ये. हे मी भाबडेपणाने सांगत नाही. अमेरिकेतील एका विद्यापीठासाठी दूरध्वनीवरून देणग्या मागणाऱ्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास अॅडम ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केला. देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी काही कर्मचाऱ्यांची जेमतेम पाच मिनिटे भेट घडवली गेली. महिन्याभरानंतर त्यांचा दूरध्वनीवरील वेळ १४२ टक्क्यांनी आणि त्यांनी जमवलेली रक्कम १७१ टक्क्यांनी वाढलेली आढळली. ज्यांना विद्यार्थ्याचे केवळ पत्र वाचायला दिले होते, त्यांच्यात मात्र असा फरक पडला नाही. हे मी तुला मुद्दाम सांगतो, कारण आपल्या कार्यालयांत प्रेरणा वाढवायची म्हटले की भिंतीवर सुविचार लागतात, व्याख्याते येतात, फार तर एखाद्याला उत्कृष्ट कर्मचाऱ्याचे प्रशस्तिपत्र मिळते. वाचून आणि ऐकून हे होत नाही. भेटावे लागते.

मी लेखाधिकारी असताना शाखेत नव्याने आलेल्या प्रत्येकाला निदान एक निवृत्तिवेतन आदेश संबंधिताच्या घरी नेऊन द्यायला लावीत असे. एका सहाय्यकाला मी अशाच एका शिक्षकाच्या विधवेकडे पाठवले. पतीच्या असाधारण रजेची नोंद कोणी वेळेवर साक्षांकित केली नव्हती, एवढ्या कारणावरून तिचे कुटुंब निवृत्तिवेतन अडकून पडले होते आणि तोवर ती भावाच्या घरी राहत होती. तो मुलगा परत आला तो गप्प. त्यानंतर निवृत्तीला काही वर्षे शिल्लक असलेल्यांची सेवापुस्तके तो आपणहून मागवून तपासू लागला. त्याला तसे करण्याचा आदेश कोणी दिला नव्हता आणि जादा पैसाही मिळणार नव्हता.

यावर माझे सहकारी हसत. साहेबांनी माणसे टपाल वाटायला लावली, असे म्हणत. ही पद्धत कार्यालयीन आदेशाने कायम व्हावी म्हणून मी टिपणी सादर केली, ती ‘आवश्यकता नाही’ असा शेरा घेऊन परत आली. मी मात्र ती चालूच ठेवली आणि तिच्यासाठी बढतीवरची बदली नाकारली. घरी या निर्णयावर पुष्कळ बोलणे झाले. तो मला आजही योग्यच वाटतो, कारण त्या शाखेत प्रकरणे पडून राहत नसत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. माझ्यानंतर ती पद्धत बंद पडली, ही खंत उरली आहे.

आता तुझ्या दुसऱ्या मुद्द्याकडे येतो: इतरांचे निवृत्तिवेतन मार्गी लावणाऱ्या तुला स्वतःला मात्र ते जुन्या पद्धतीने मिळणार नाही. तिथे तू बरोबर आहेस. १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नाकारा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात, तत्कालीन सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीची देणगी नसून केलेल्या सेवेबद्दलचा हक्क आहे. हा निकाल तू रोज अमलात आणतेस. परंतु १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमणूक झाल्यामुळे जुनी निवृत्तिवेतन योजना तुला स्वतःला लागू नाही. मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला तो ती पुन्हा लागू करावी, याच मागणीसाठी. कामातला अर्थ दाखवून कोणी तुझे हक्काचे मागणे गप्प करू पाहत असेल, तर त्याचे ऐकू नकोस. आशा सेविकांकडे पाहा. त्यांच्या कामाचा अर्थ गावातल्या प्रत्येक बाळंतिणीला कळतो, तरीही मोबदल्यासाठी त्यांना पुन्हा पुन्हा रस्त्यावर यावे लागले. अर्थ पगाराची जागा घेत नाही. पण उद्या पगार वाढला तरी संध्याकाळचा तुझा तो प्रश्न सुटणार नाही, हेही तितकेच खरे आहे, आणि या दोन गोष्टी तू पत्रात एकत्र केल्या आहेस, त्या वेगळ्या कर.

राज्यसेवेची परीक्षा पुन्हा द्यायची असेल तर अवश्य दे. मात्र मोठ्या पदावर अर्थ आयता मिळेल, या समजुतीने देऊ नकोस. तिथे फायली अधिक असतात आणि त्या ज्याच्या नावाने चालतात, तो माणूस अधिकच दूर गेलेला असतो. तिथेही तुला उठून त्याच्याकडे जावेच लागेल. मग ती सवय आताच का लावून घेत नाहीस?

येत्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांसाठी निवृत्तिवेतनधारक येतील, तेव्हा तुझ्या वरिष्ठांकडे त्या कामावर बसण्याची परवानगी माग. तुझ्या हातून गेलेल्या प्रकरणांपैकी एक नाव निवडून ठेव, त्या व्यक्तीला पैसे कधी मिळाले आणि त्यांतून काय झाले ते विचार, आणि मला लिही. परवानगी तोंडी नाकारली गेली तर लेखी अर्ज दे. मसुदा मी करून पाठवतो.

तुझा,
काका