स्विच २: पहिल्याच दिवशी, की जरा दमानं?

२ एप्रिल २०२५ ला निन्टेन्डो या जपानी कंपनीने स्विच २ या व्हिडिओ गेम खेळायच्या नव्या यंत्राची (कन्सोलची) विक्रीची तारीख (५ जून २०२५) आणि अमेरिकेतली किंमत (४४९.९९ डॉलर) जाहीर केली. तेव्हापासून 'घेऊ का?' हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की एकेकाला उत्तर देत बसण्यापेक्षा इथेच लिहितो. (उत्तरं आणि किमती एप्रिल २०२५ च्या आहेत.)

मुंबईतला एक दुकानदार पाच हजार ॲडव्हान्स घेऊन बुकिंग करतोय. किंमत 'माल आल्यावर सांगू' म्हणतो. करू का? (ठाणे)

नका करू. 'आल्यावर सांगू' म्हणजे तुमची घाई बघून सांगू. निन्टेन्डो भारतात अधिकृतपणे कन्सोल विकत नाही. इथे मिळतो तो बाहेरून आणलेला माल, आणि वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द. ४५० डॉलर म्हणजे एप्रिल २०२५ च्या दराने साडेअडतीस हजारांच्या आसपास. त्यावर तिथला सेल्स टॅक्स, आणणावळ, ड्यूटी आणि दुकानदाराचा नफा. अमेरिकेने लादलेल्या आयातशुल्काच्या गोंधळात तिथलंच बुकिंग ९ एप्रिलवरून २४ वर गेलं. तिथल्यांना मिळेल की नाही याची खात्री नसताना हा गृहस्थ कशाच्या जोरावर ॲडव्हान्स घेतोय? राहवतच नसेल तर पावतीवर किंमत आणि पैसे परत देण्याची तारीख लिहून घ्या. लिहून द्यायला का-कू करत असेल, तर तेच तुमचं उत्तर.

माझा भाऊ ओसाकात असतो. तिथे ४९,९८० येनला मिळणार आहे, म्हणजे जेमतेम तीस हजार! मागवू ना? (कोल्हापूर)

थांबा, यात मेख आहे. ४९,९८० येनचं मॉडेल जपानपुरतं आहे. त्याचे मेनू फक्त जपानीत आणि त्याला फक्त जपानचं निन्टेन्डो खातं जोडता येतं. सेटिंगमध्ये जाऊन भाषा बदलू म्हणाल तर ती सोय ठेवलेलीच नाही. सगळ्या भाषांचं मॉडेल ६९,९८० येनला आहे, म्हणजे अमेरिकेपेक्षाही महाग. भावाला जपानी येतं, तुम्हाला येतं का?

मुलगा अकरा वर्षांचा आहे. घरी जुना स्विच आणि बारा-तेरा गेम आहेत. ते वाया जातील का? सगळे मित्र घेणार आहेत म्हणतो. (नाशिक)

नाही जाणार. जुने बहुतेक गेम स्विच २ वर चालतात, कार्डावरचेही. काहींची सुधारित आवृत्ती हवी असेल तर जास्तीचे पैसे पडतात, पण ते ऐच्छिक आहे.

नव्या गेमच्या डब्यांकडे मात्र लक्ष ठेवा. काही डब्यांत 'गेम-की कार्ड' असेल. त्या कार्डात गेम नसतो, नुसती किल्ली असते. गेम इंटरनेटवरून उतरवायचा आणि खेळताना कार्डही आत घालायचं. घरचं नेट रडतखडत चालत असेल तर हे आधी कळलेलं बरं.

आता मुलाचं. त्याला वहीच्या मागच्या पानावर यादी करायला सांगा: जुन्या स्विचवर चालत नाहीत आणि दिवाळीआधी नक्की खेळायचेत, असे गेम कोणते? 'मारिओ कार्ट वर्ल्ड' पहिल्या दिवशी आहे, 'डॉन्की काँग बनान्झा' १७ जुलैला येतोय. दोनच नावं लिहून पेन चावत बसला, तर वर्षभर थांबायला हरकत नाही. मित्रांच्या घरी जाऊन खेळेलच की तो.

पहिल्या बॅचमध्ये लोचे असतात आणि नंतर किंमत उतरते, हे कितपत खरं? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, संभाजीनगर)

अरे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकत्र बांधल्यामुळेच गोंधळ होतो.

लोचे असतात. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० कन्सोलचे तीन लाल दिवे (यंत्र बिघडल्याची खूण) आठवतात? तुझ्या वयाला नसतील. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला त्यापायी वॉरंटी तीन वर्षांची करावी लागली आणि अब्जाहून अधिक डॉलर बाजूला काढावे लागले. पहिल्या स्विचच्या जॉय-कॉनचं (बाजूच्या सुट्या होणाऱ्या कंट्रोलरचं) ड्रिफ्टही प्रसिद्ध आहे: अंगठ्याने फिरवायच्या काठीला बोट न लावता पात्र आपलं एका बाजूला चालत सुटायचं. हा त्रास टाळणाऱ्या, चुंबकावर चालणाऱ्या 'हॉल इफेक्ट' काठ्या स्विच २ मध्येही नाहीत, हे कंपनीच्याच माणसाने सांगितलंय. जिथे कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाही, तिथे ही गोष्ट मला किमतीपेक्षा मोठी वाटते.

किंमत उतरतेच असं नाही. २०११ मध्ये निन्टेन्डोचाच हातात धरायचा ३डीएस मार्चअखेरीस अमेरिकेत २४९.९९ डॉलरला आला आणि ऑगस्टमध्ये थेट १६९.९९ वर! आधी घेतलेल्यांची समजूत वीस जुने गेम फुकट देऊन काढली. पण स्विच २०१७ ला २९९.९९ ला आला आणि आठ वर्षांनी, एप्रिल २०२५ मध्येही, तेवढ्यालाच होता. आपल्याकडे सोनीचा पीएस५ (प्लेस्टेशन ५) फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० ला आला, पुढच्या वर्षी ५४,९९० झाला. वाट बघणाऱ्यांना उलट पाच हजारांचा फटका.

थांबणाऱ्याला कमी किंमत मिळेलच असं नाही, पण यंत्र चांगलं मिळतं. २०१९ मध्ये त्याच किमतीच्या स्विचची बॅटरी अडीच ते साडेसहा तासांवरून साडेचार ते नऊ तासांवर गेली. २०२१ मध्ये ओलेड पडदा (एलसीडीपेक्षा ठळक रंगांचा) आला. स्विच २ चा पडदा एलसीडी आहे आणि बॅटरी दोन ते साडेसहा तास. पुढे काय सुधारेल, याचा अंदाज तूच कर.

जुनं मायक्रोएसडी कार्ड चालेल का? (पणजी)

गेम साठवायला नाही. मायक्रोएसडी एक्सप्रेस हा नवा, वेगवान प्रकारच लागतो आणि तो बराच महाग आहे. आतली २५६ जीबी जागा भरेपर्यंत घेऊ नका.

आम्ही न्यू जर्सीत. दोन मुली, रोज रात्री जेवणानंतर मारिओ कार्टच्या चार शर्यती ठरलेल्या. २४ एप्रिलला बुकिंग करावं का?

बिनधास्त करा. वॉरंटी तुमच्या दारात आहे आणि गेम पहिल्या दिवशीच हजर. ४९९.९९ चा मारिओ कार्टसकटचा डबा घ्या. तो गेम सुटा घेतला तर ७९.९९ ला पडतो, म्हणजे तीस डॉलर वाचले. कॅमेरा आणि जादाचे कंट्रोलर आत्ता राहू द्यात, ॲक्सेसरीजच्या किमती नुकत्याच वाढल्यात. आणि चौथ्या शर्यतीनंतर 'अजून एकच'चा जो हट्ट होईल, त्यावर माझ्याकडे उपाय नाही.