विचारा तर खरं : बाटलीतला टोर्नेडो

प्रश्न : मुलगी सहावीत आहे, विज्ञान प्रदर्शनात बाटलीतला टोर्नेडो करणारे. कोल्ड्रिंकच्या दोन बाटल्या तोंडाला तोंड लावून टेपने चिकटवल्या, एकीत पाणी भरलं. पण उलटं केलं की पाणी एकतर वरच अडकून बसतं नाहीतर गुडगुड करत थोडं थोडं पडतं, भोवरा काही होत नाही. सांध्यातून गळतं ते वेगळंच. काय करू? (एक आई, नाशिक)

उत्तर : ताई, पाणी वर अडकतंय ना, मग अर्धा प्रयोग जमलाय! खालची बाटली रिकामी दिसते पण ती हवेने गच्च भरलेली आहे, पाण्याला खाली यायचं तर त्या हवेला वर जायला वाट हवी, आणि भोक एकच, त्यातनं दोघांना जायचंय, म्हणून थोडं पाणी खाली, एक बुडबुडा वर, परत थोडं पाणी अशी गुडगुड चालते. भोक बारीक असेल तर पृष्ठताणामुळे (पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो त्यामुळे) तोंडाशी पाणी धरून राहतं आणि सगळंच ठप्प होतं.

आता करायचं एवढंच की बाटल्या उलट्या केल्याबरोबर एका हाताने सांधा पकडायचा, दुसऱ्या हाताने वरची बाटली चार-पाच वेळा जोरात गोल फिरवायची आणि सोडून द्यायची. मुलं हमखास खालीवर हलवतात, त्याने नुसता फेस होतो. गोल फिरवलं की पाणी कडेला सरकतं, मधे पोकळी पडते, त्या पोकळीतनं हवा सरळ वर आणि पाणी कडेकडेने खाली, दोघांची भांडणं मिटली. पाणी भोकाजवळ येईल तसं जास्त जोरात फिरताना दिसेल कारण फिरणारी वस्तू मध्याकडे आली की तिचा वेग वाढतो, याला कोनीय संवेगाची अक्षय्यता म्हणतात. घरात फिरती खुर्ची असेल तर मुलीच्या दोन्ही हातात एकेक जाड पुस्तक देऊन हात पसरून बसवा, हळू फिरवा आणि मग हात छातीशी घ्यायला सांगा, कळेल तिला लगेच.

गळतीचं म्हणाल तर हार्डवेअरच्या दुकानात नळाचे वॉशर मिळतात, बाटलीच्या तोंडाएवढा, मधलं भोक साधारण 8 ते 10 मिलिमीटरचं असा एक घ्या आणि दोन तोंडांच्या मधे ठेवा. दोन्ही बाटल्यांची मान आधी कोरडी पुसा (ओल्यावर कुठलीच टेप टिकत नाही), मग काळी इलेक्ट्रिकची टेप ताणून ताणून भरपूर गुंडाळा. पाणी बाटलीच्या दोन तृतीयांश पुरे, पूर्ण भरलं तर फिरवायला जागाच राहत नाही. खायच्या रंगाचे दोन थेंब टाकले तर लांबून छान दिसतं.

आणि माझं ऐकाल तर नुसता भोवरा दाखवून थांबू नका. एकच बाटली घ्या, बादलीत उलटी करून रिकामी व्हायला किती सेकंद लागतात ते मोबाईलवर मोजा, एकदा न फिरवता, एकदा फिरवून, असं बऱ्याचदा करून तक्ता करा. परीक्षक मॉडेलपेक्षा तक्त्यापाशी जास्त वेळ थांबतात.

प्रश्न : चार्टवर ‘निसर्गात टोर्नेडो असाच तयार होतो’ असं लिहू का? आणि आपल्या गोलार्धात पाणी एकाच दिशेने फिरतं म्हणतात, ते खरं का? (सातवीतला वाचक, सांगली)

उत्तर : ‘असाच’ लिहू नकोस रे. फिरणं आणि मध्याकडे वेग वाढणं सारखं आहे, बाकी बरंच उलटं आहे. बाटलीत पाणी वजनाने खाली पडतं, खऱ्या टोर्नेडोत गरम दमट हवा वर खेचली जाते. मोठ्या गडगडाटी ढगाच्या खाली जमिनीलगतचा वारा आणि उंचावरचा वारा यांचा वेग आणि दिशा वेगळी असते, त्यामुळे हवेची आडवी गुंडाळी होते, वर चढणारी हवा तिला उभी करते आणि मग ती ताणून अरुंद झाली की वेग वाढतो. आतला दाब कमी असल्याने हवा थंड होऊन वाफेचे थेंब होतात, ती सोंड आपल्याला दिसते, शिवाय धूळ आणि पत्रे वगैरे उडतातच. बाटलीतली सोंड मात्र हवेची.

दिशेचं म्हणशील तर बाटली तू जिकडे फिरवशील तिकडेच पाणी फिरणार. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम असतो पण एवढ्याशा भांड्यात फारच क्षीण. अमेरिकेत एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या अ‍ॅशर शपिरोंनी 1962 मध्ये सहा फूट रुंदीच्या टाकीत पाणी 24 तास निश्चल ठेवून मग बूच काढलं, तेव्हा कुठे ते घड्याळाच्या उलट दिशेने फिरताना दिसलं. वॉश बेसिनमध्ये पाहून कुणी ठासून सांगत असेल तर सोडून दे.

चार्टला आपल्याकडची उदाहरणं टाक. 17 मार्च 1978 ला उत्तर दिल्लीत टोर्नेडो आला होता, 26 एप्रिल 1989 ला बांगलादेशात दौलतपूर-साटुरिया भागात आला त्यात सुमारे 1300 माणसं गेली. 2020 चं निसर्ग त्यात घालू नकोस, ते समुद्रावरून आलेलं शेकडो किलोमीटर पसाऱ्याचं चक्रीवादळ होतं, टोर्नेडोची रुंदी बहुतेक वेळा काही शे मीटरच असते. उन्हाळ्यात रानात उठणारी वावटळही वेगळी, ती तापलेल्या जमिनीवरून उठते, तिला वर ढग लागत नाही.

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा आहे, दोन बाटल्या त्याला झेपणार नाहीत. सोपं काही? (एक बाबा, पणजी)

उत्तर : घट्ट झाकणाची प्लॅस्टिकची बरणी घ्या, पाऊण भरून पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब, झाकण लावून तुम्ही गोल फिरवा आणि एकदम थांबवा, मधे बारीक सोंड दिसते. लिक्विड जास्त पडलं तर फेसात काहीच दिसत नाही, त्यामुळे लिक्विडची बाटली त्याच्या हातात देऊ नका.