लंडन ते सिडनी विमानाने अंतर किती आणि प्रवासाला किती वेळ लागतो?

अंतर पृथ्वीच्या गोलावरून सगळ्यात जवळच्या रेषेने साधारण 17,000 किमी. पण वेळ काढायला त्याला 900 ने भागू नका, प्लीज. आमच्या साडूंनी तेच केलं होतं आणि त्यावरून मी अजून ऐकून घेतोय.

2017 चा जानेवारी. मी लंडनहून शुक्रवारी रात्री साडेआठला निघणार, सिंगापूरला थांबा, मग सिडनी. साडू तिकडेच असतात, न्यायला येतो म्हणाले. तिकीट पाठवतो म्हटलं तर "कशाला, गणित सोपंय". विमान ताशी 900 ने जातं म्हणजे 19 तास, सिडनी 11 तास पुढे, म्हणजे रविवारी पहाटे अडीच. झालं, दोनलाच गृहस्थ एअरपोर्टवर हजर. तिथे चिटपाखरू नाही, कारण सिडनीला रात्री 11 ते सकाळी 6 कर्फ्यू असतो, आजूबाजूच्या वस्तीला आवाजाचा त्रास नको म्हणून, त्या वेळात प्रवासी विमानं उतरवत नाहीत (मालवाहू वगैरे थोडे अपवाद आहेत). वीस वर्षं त्या शहरात काढलेल्या माणसाला हे माहीत नसावं!

माझं विमान 6:20 ला उतरलं, तिकिटावर छापलं होतं तेव्हाच. मी ट्रॉली ढकलत बाहेर येतो तर साडूंचे डोळे लाल, हातात एक जुनं पाकीट, त्याच्या पाठीवर पेनाने तो भागाकार, 18.9 खाली दोन रेघा, आणि पहिलं वाक्य काय तर "चार तास लेट केलं की हो तुमच्या विमानाने". लेट?

आता हिशोब बघा. लंडन-सिंगापूर सुमारे 10,900 किमी, 13 तास. तिथे दीड-दोन तास. पुढे सिडनी 6,300 किमी, पावणेआठ-आठ तास. सिंगापूर जवळजवळ वाटेवरच आहे त्यामुळे वळसा असा फारसा पडत नाही, वेळ खातं ते उतरणं, थांबणं, परत चढणं. एकूण साडेबावीस ते चोवीस तास. शनिवार कुठे गेला ते कळत नाही.

2019 च्या नोव्हेंबरात क्वांटासने लंडन-सिडनी कुठेही न थांबता चाचणीचं उड्डाण केलं, 19 तास 19 मिनिटं. लगेच साडूंचा मेसेज, "बघा, 19!" अहो, त्या विमानात पन्नासेक माणसं होती, माल नाही, आणि ते उडालं 17,800 किमी. भरलेलं नेहमीचं विमान आणि ते एक कसं होईल? पण ऐकतंय कोण.

येताना, म्हणजे सिडनीहून लंडनला, तास-दीड तास जास्त धरा, वरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात ते तेव्हा समोरून येतात.

आणि हो, 11 तासांचा फरक फक्त ऑक्टोबरअखेर ते मार्चअखेर. एप्रिल ते सप्टेंबर 9, मधल्या काही आठवड्यांत 10, कारण दोन्हीकडची घड्याळं वेगवेगळ्या दिवशी पुढेमागे होतात. तिकिटावरची वेळ त्या-त्या गावची असते, तीच वाचा. साडू बारा महिने 11च धरतात. येत्या जूनमध्ये मेहुणी लंडनहून सिडनीला परत जातेय, तिला घ्यायला कोण जाणार ते मी अजून विचारलेलं नाही.