सुक्कोत: कापणीचा सण की सुगीचा?

प्रश्न दोन आहेत. ज्यूंच्या ‘सुक्कोत’ला मराठीत ‘शरदातला कापणीचा सण’ म्हणावे का? आणि तो सप्टेंबरातला मानायचा की ऑक्टोबरातला?

आधी तारीख. हिब्रू पंचांगातल्या तिश्री महिन्याची १५ तारीख ही त्याची ठरलेली तिथी. महिने चांद्र असल्यामुळे १५ म्हणजे पौर्णिमेच्या आसपासचा दिवस. त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून एक बातमी ६ ऑक्टोबर म्हणते, दुसरी ७, आणि दोन्ही खऱ्या असतात. सण सात दिवसांचा, त्याला लागून आठवा दिवस ‘शमिनी अत्सेरेत’चा.

गंमत म्हणजे २०२४ आणि २०२५ मध्ये सुक्कोतची पहिली रात्र ती आपली कोजागरीची रात्र होती (१६ ऑक्टोबर, ६ ऑक्टोबर). पण हे समीकरण पाठ करू नका. चांद्र वर्षाचा सौर वर्षाशी मेळ घालायला दोन्हीकडे अधिक महिना लागतो. त्यांचा ठरलेला आहे: १९ वर्षांत ७ वेळा अदार महिना दोनदा येतो. आपला कधी श्रावण, कधी ज्येष्ठ. २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे कोजागरी २८ ऑक्टोबरला गेली आणि सुक्कोत २९ सप्टेंबरलाच सुरू झाला, भाद्रपदी पौर्णिमेला. २०२६ मध्येही तसेच: तो २५ सप्टेंबरच्या संध्याकाळी, कोजागरी त्यानंतर महिन्याने.

आता ‘कापणी’. हा शब्द मला खटकतो. इस्राएलात जव आणि गहू वसंतात कापतात, आणि हिब्रूत कापणीचा सण, ‘हाग हाकात्सीर’, हे नाव शावुओतचे, म्हणजे वसंतअखेरीच्या दुसऱ्या ज्यू सणाचे आहे. सुक्कोतचे दुसरे नाव ‘हाग हाआसीफ’. आसीफ म्हणजे गोळा करून घरात आणणे. खळ्यातले धान्य आणि द्राक्षकुंडातला रस आत आला की हा सण, असे तोरा हा ज्यूंचा धर्मग्रंथ सांगतो. विळा तोवर कधीच खुंटीला लागलेला असतो. आपल्याकडे ‘सुगी’ म्हटले की रास, खळे, भरलेली कणगी असे सगळे डोळ्यांपुढे येते. म्हणून ‘सुगीचा सण’ म्हणा. कोकणातल्या बेने इस्राएलांनी, म्हणजे तिथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंनी, तर रोश हशानाला (तिश्रीच्या आरंभीच्या ज्यू नववर्षाला) ‘नव्याचा सण’ म्हटले, आणि त्याच तिश्रीत त्यांचा ‘खिरीचा सण’ही होता. भाषांतर करायला बसून अशी नावे सुचत नाहीत.

राहिला ‘सुक्कोत’ शब्द. ते ‘सुक्का’चे अनेकवचन; सुक्का म्हणजे या सणापुरती उभारलेली खोपी. ‘मंडपांचा सण’ आणि ‘मांडवांचा सण’ दोन्ही लिहिले जाते. माझे मत मांडवाला. सुक्काचे छप्पर जमिनीतून उगवलेल्या, तोडून आणलेल्या फांद्यापानांचेच लागते, आणि त्यातून चांदण्या दिसाव्यात अशी रीत आहे. मंडप म्हटले की हल्ली डेकोरेटरचे कापड आठवते, आणि कापडाचे छप्पर सुक्काला चालतच नाही.