कारखान्यातला हात, इंटरमिजिएटचे सात गुण

नौपाडा, ठाणे

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी चारही पोर्ट्रेट मोबाईलवर पाहिली, पण तेवढ्यावर मत द्यायला मन धजेना. म्हणून मोठ्या प्रिंट काढून आणल्या, भिंतीला टाचल्या आणि दोन-तीन दिवस येता-जाता पाहत राहिलो. तू विचारलंयस की सोलो शो लावण्याइतकं काम झालंय का, शाळेतली तासिका तत्त्वावरची नोकरी सोडून घरी क्लास काढू का, आणि क्लास काढला तर चित्रकार म्हणून संपेन का. उत्तरं देतो, पण क्रम माझा.

आधी पोर्ट्रेट. हात तयार आहे, यात वाद नाही. आजोबांच्या दाढीचे खुंट ज्या संयमानं काढलेस तो संयम शिकवून येत नाही. पण चारही चित्रं फोटोवरून केलेली आहेत आणि हे तू लिहिलं नसतंस तरी कळलं असतं. हातभर अंतरावरून काढलेल्या मोबाईलच्या फोटोत नाक फुगतं आणि कान मागे पळतात. तुझ्या आजोबांचे कान तसेच पळालेत. सावल्याही फोन आपल्या मर्जीनं उजळून टाकतो, त्यामुळे जबडा खाली वळून मान कुठे सुरू होते, हे चित्रात कुठेच सापडत नाही. तिथे तू गुळगुळीत करडा रंग घासून दिलायस. पाहण्याचं काम लेन्सनं केलं, तुझ्या वाट्याला उतरवून घेणं आलं. लाईक भरपूर मिळाले असतील. ते मिळतातच.

रेखांकनात शिकायचं ते आपली चूक आपल्याला दिसणं, एवढंच. दुसऱ्यानं दाखवायच्या आधी. शिकवणं आणि प्रदर्शन लावणं याही गोष्टी मी याच काट्यावर तोलतो, म्हणून तुझे प्रश्न मला तीन वाटतच नाहीत.

तेव्हा पुढचे काही महिने फोटो बंद. प्लास्टरचा हात किंवा पाऊल मिळव. जेजेत, म्हणजे मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात, यासाठी प्लास्टरचे साचेकाम केलेले नमुने आहेत, पण तुला रोज तिथे कोण बसू देणार? गणपतीच्या कारखान्यात जा. सण होऊन गेला की तिथे न रंगवलेले, कुठे टवका उडालेले हात-पाय पडून असतात, मागितले तर देतात. शाडूचा नको, तो ओल धरतो. पांढरं प्लास्टर हवं, कारण त्यावर रंगाची दिशाभूल नसते. फक्त उजेड आणि सावली.

तुझ्या कळव्याच्या घरात मागची खोली उत्तरेची आहे, ती घे. दुसऱ्या खिडकीला काळं कापड, ट्यूबलाइट बंद. हात स्टुलावर ठेव आणि कागद त्याच्या शेजारी, उभ्या बोर्डावर, असा लाव की ठरावीक जागेवरून दोन्ही एकाच मापाचे दिसतील. सहा-सात फूट मागे जमिनीवर खडूनं पावलांची खूण कर. पाहायचं तिथूनच. पुढे जायचं, एक रेष मारायची, परत मागे यायचं. काळ्या दोऱ्याला नट बांधून ओळंबा कर आणि मनगटाच्या कडेवरून सोड. अंगठ्याचं टोक त्याच्या डावीकडे किती येतं? कागदावर किती आलंय? बहुतेक वेळा तिथेच चोरी पकडली जाते. आपल्याला बोटं ‘माहीत’ असतात ना, म्हणून आपण ती असतात त्यापेक्षा लांब काढतो.

आधी बाहेरचा आकार सरळ रेषांनीच. मग सावलीची हद्द, म्हणजे उजेड जिथे संपतो ती रेघ, आणि ती रेघ पक्की होईपर्यंत घासणं नाही. डोळे बारीक करून पाहा. त्यात जे विरून जातं ते आत्ता काढायचं नाही. सावली एकच सपाट ठेव. तिच्यात शिरून तपशील उकरायची खोड तुला फोटोनं लावलीय. कोळशाची कांडी पॉलिश पेपरवर घासून सुईसारखी कर, जाड टोकानं हे काम होत नाही. काम अडलं की पाठमोरी हो आणि छोट्या आरशातून दोन्ही पाहा. उलटं दिसलं की चूक ओरडून सांगते.

एका हाताला तीन आठवडे लागले तर लागू देत. मधे कंटाळा येईल. युरोपात शंभर-दीडशे वर्षांपूर्वी मुलं अशीच शिकत. शार्ल बार्ग या फ्रेंच चित्रकारानं जेरोम या दुसऱ्या चित्रकाराच्या जोडीनं केलेले रेखांकनाचे छापील नमुने तेव्हा अभ्यासाला असत, आणि व्हॅन गॉगसारख्या माणसानंही ते स्वतःहून उतरवून काढले. पुढे तो काय झाला ते आपण पाहतोच. या अभ्यासानं माणूस साचेबंद होतो असं म्हणणाऱ्यांनी बहुधा तो केलेला नसतो.

प्लास्टर झालं की जिवंत माणूस. इमारतीतले एखादे निवृत्त काका तासभर बसतील, पण फुकट बसवू नकोस. पैसे दिले की तू वेळ पाळतेस आणि तेही हलत नाहीत. वीस मिनिटांनी विश्रांती दे, खुर्चीच्या पायांना आणि त्यांच्या चपलांना खडूची खूण कर. आणि स्केचबुक वेगळं. ते ठाणे स्टेशनवर, जांभळी नाक्यावर, चेंदणी कोळीवाड्यात चालवायचं. तलावपाळीवर संध्याकाळी बाकावर बसलेली म्हातारी मंडळी म्हणजे फुकटची मॉडेलं, इथे मात्र पैसे द्यायची गरज नाही. फक्त टक लावून पाहू नकोस, भांडणं होतात.

आता क्लास. काढ. पण कशाला काढतेस ते आधी नीट समजून घे. आई-वडील मुलांना पाठवतात ते इंटरमिजिएटसाठी, म्हणजे सरकारी चित्रकला परीक्षेसाठी. ए ग्रेड आली की दहावीत सात गुण, बीला पाच, सीला तीन. यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. त्या सात गुणांमुळे महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत पहिल्यांदा टू-बीची पेन्सिल आली. फक्त परीक्षेच्या तयारीच्या नावाखाली स्मरणचित्रं पाठ करून घेऊ नकोस. बाजाराचं दृश्य, पावसाळ्याचं दृश्य, छत्रीवाली बाई डावीकडे, झाड उजवीकडे! अशी पाठ केलेली छत्री मी पेपरांच्या गठ्ठ्यात ओळीनं पाहिलीय. मुलाला आधी खरी छत्री उघडून समोर ठेव आणि काड्या मोजायला लाव.

एक नियम मात्र कडक पाळ. मुलाच्या कागदावर आपली रेष मारायची नाही. डेमो द्यायचा तर कोपऱ्यात किंवा वेगळ्या कागदावर. त्याचा माठ वाकडा आला असेल तर ‘वाकडा आहे’ असं न म्हणता विचार, की गळ्याची डावी बाजू आणि पोटाची डावी बाजू, दोन्हींत जास्त बाहेर कोण? उत्तर शोधताना तो स्वतः पाहतो. आणि तू? तुला तोंडानं नेमकं सांगावं लागतं, म्हणून तुलाही नेमकं पाहावं लागतं. ‘जरा बरोबर वाटत नाहीये’ एवढ्यावर स्वतःच्या चित्रात भागतं, दहा वर्षांच्या पोरासमोर भागत नाही. शिकवण्याचा खरा फायदा हा. फी हा दुसरा, आणि ती महिन्याच्या सुरुवातीलाच घ्यायची, संकोच न करता.

म्हणून ‘संपेन का’ या प्रश्नाची मला गंमत वाटली. चित्रकार धुरंधर विद्यार्थी आणि शिक्षक मिळून ४१ वर्षं जेजेत होते. चित्रकार हळदणकरांनी १९०८ मध्ये मुंबईत स्वतःचा क्लास काढला, १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या स्थापनेत ते होते, आणि हे सगळं चालू असताना जलरंगात काम करत राहिले. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं त्यांचं ते दिवा घेतलेल्या बाईचं चित्र तू कॅलेंडरवर नक्की पाहिलं असशील. कित्येक लोक ते अजून रविवर्म्याचं समजतात. हळदणकरांची मुलगीच त्या चित्रासाठी उभी राहिली होती. त्या चित्रात ज्योतीवर धरलेल्या बोटांच्या कडा पेटल्यासारख्या लाल दिसतात. त्या दिसतात कारण बाकीचं सगळं चित्र त्यांनी दाबून, खालच्या सुरात ठेवलंय. तुझ्या आजोबांच्या चित्रात कपाळ, नाक, कॉलर, चष्म्याची काच, सगळंच पांढरं चमकतंय. मग नजर बसावी कुठे?

क्लास माणसाला संपवतो तो पोरांच्या संख्येनं. एका हॉलमध्ये तीस पोरं, शनिवार-रविवार चार बॅचेस, सोमवारी घसा बसलेला, हे मी आजूबाजूला फार पाहिलंय. एका वेळी आठ-दहा मुलं घे. आणि सकाळचे दोन तास कोणालाच देऊ नकोस, पालकांनाही नाही आणि शाळेच्या हस्तकलेच्या फायलींनाही नाही.

राहिलं प्रदर्शन. सोलो शो आत्ता नाही. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीला अर्ज करून ठेवायला हरकत नाही, तिथे नंबर लागायला वर्षं जातात. तोवर बॉम्बे आर्ट सोसायटी, आर्ट सोसायटी ऑफ इंडिया आणि राज्य कला प्रदर्शन, यांच्या वार्षिक प्रदर्शनांना काम पाठवत राहा. नाकारलं जाईल. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून आहे, तेव्हापासून चांगल्या-वाईट सगळ्यांची चित्रं परत आलेली असणार, त्याचं दुःख दोन दिवसांपेक्षा जास्त करू नये. दोन-तीन मैत्रिणी मिळून कापूरबावडीच्या ठाणे कलाभवनात ग्रुप शो लावा. घराजवळ आहे, टेम्पोचं भाडं कमी, आणि तलावपाळीवर फिरणारी तीच माणसं तिथे येतील.

खर्च आधी कागदावर मांड: फ्रेम, काच, माउंट, टेम्पो, निमंत्रणपत्रिका, हॉलचं भाडं. यातलं एकही चित्र विकलं जाणार नाही असं धरून तो झेपला तरच तारीख घे. मला एका दालनानं विकलेल्या चित्रांचे पैसे वर्षभर रखडवले होते. तेव्हापासून टक्केवारी आणि पैसे कधी मिळणार, दोन्ही लेखी घेतल्याशिवाय मी खिळाही ठोकत नाही. किंमत सगळ्यांना एकच लाव. मावशीला कमी आणि अनोळखी माणसाला जास्त असं केलंस की दोघंही दुखावतात, कारण दोघं तिथेच भेटतात.

आणि शो लागला की गर्दीत मिरवू नकोस. जहांगीरसारख्या ठिकाणी अकरा ते सात उभं राहावं लागतं, तो वेळ वाया घालवायचा नसतो. लोक कुठून पुढे येतात, कुठे थांबतात, कोणत्या चित्रासमोरून न थांबता निघून जातात ते पाहा. घरात आपण चित्र चार फुटांवरून पाहतो कारण खोलीच तेवढी असते. बारा फुटांवरून तुझं बारीक काम एक करडा डाग होऊन जाईल आणि ज्या आकाराकडे तू दुर्लक्ष केलंस तो पुढे येईल. दुपारी हॉल रिकामा असतो तेव्हा स्वतःच्या चित्रांसमोर लांब उभी राहा आणि वहीत लिहून काढ. प्रदर्शनाला मी एवढ्यासाठीच जायला सांगतो.

नोकरी सोडू नकोस, निदान जूनपर्यंत. तासिकेचे पैसे थोडे आहेत आणि उशिरा येतात हे माहीत आहे, पण त्यातून मॉडेलचे आणि कागदाचे पैसे निघतात. क्लासची पहिली बॅच बसली की मग बोलू.

पुढच्या महिन्यात एखाद्या रविवारी सकाळी हात आणि कागद दोन्ही घेऊन ये. अर्धवट असलं तरी चालेल, किंबहुना अर्धवटच आण. कोळसा पक्का करणारं फिक्सेटिव्ह मारलेलं नको.

तुझा,
सर

ता.क. पावसाळ्यात कोळशाचं काम भिंतीला टेकवून ठेवू नकोस. ठाण्याच्या हवेत कागदाला मागून बुरशी धरते आणि पिवळे ठिपके पडले की जात नाहीत. मध्ये बटर पेपर घालून आडवं, कपाटात वरच्या फळीवर ठेव. फ्रेमवाल्याला बजाव की काच कागदाला टेकता कामा नये, माउंट जाड लाव म्हणावं.