रेडिएशन संपलं, तरी रात्रीची झोप का लागत नाही?

प्रश्न : माझ्या यजमानांना जिभेच्या मुळाशी कॅन्सर झाला होता. रेडिएशनच्या ३५ सिटिंग आणि सोबत केमो होऊन आता आठ महिने झाले. स्कॅन स्वच्छ आहे. पण रात्री चार-पाचदा उठतात, तोंड सुकलेलं असतं, पाणी पितात, मग लघवीला उठतात. घोरणं वाढलंय, दुपारी बसल्या बसल्या डोळा लागतो. झोपेची गोळी द्यावी का?

उत्तर : डॉक्टरांनी तपासल्याशिवाय नको. तुमच्या पत्रातलं वाढलेलं घोरणं आणि दिवसाची झोप या दोन गोष्टी आम्हाला जास्त काळजीच्या वाटतात. रेडिएशनने घशाच्या आतला भाग सुजतो, पुढे घट्ट होतो आणि हवेची वाट अरुंद होते. झोपेत स्नायू सैलावले की ती मिटते, श्वास अडतो आणि त्या घुसमटीने जाग येते. पेशंटला मात्र वाटतं, तोंड सुकलं म्हणून उठलो. हा स्लीप ॲप्निया. या उपचारांनंतर तो बारीक माणसालाही होतो, तेव्हा ‘वजन तर उतरलंय’ म्हणून निर्धास्त राहू नका. झोपेच्या काही गोळ्या ते स्नायू आणखी सैल करतात. जोडीला दुखण्यासाठी मॉर्फिन किंवा ट्रॅमाडॉल चालू असेल तर श्वासच मंदावू शकतो.

एक-दोन रात्री लक्ष ठेवा. घोरणं एकदम थांबतं, काही सेकंद शांतता, मग हुंदक्यासारखा आवाज होऊन श्वास सुरू होतो, असं दिसलं तर मोबाइलवर रेकॉर्ड करून कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. ते दुर्बिणीने घसा पाहतील आणि स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतल्या श्वासाची रात्रभर नोंद घेणारी तपासणी, सांगतील. तिच्या रिपोर्टमध्ये श्वास तासाला किती वेळा अडतो किंवा अपुरा पडतो ते येतं : ५ ते १५ सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देऊन झोपेत श्वासाची वाट उघडी ठेवणारं) सांगितलं तर हवा ओलसर करणारा गरम ह्युमिडिफायर असलेलंच मागा. कोरड्या तोंडात कोरडी हवा सोसवत नाही, आणि मशीन आठवड्याभरात कपाटात जातं. जागेपणीही श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत असेल तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) केलीय का? मानेवरच्या रेडिएशनने थायरॉइड हळूहळू मंदावते, म्हणून ही तपासणी दर ६ ते १२ महिन्यांनी लागते. दिवसभराची सुस्ती त्यामुळेही असू शकते.

तोंडाच्या कोरडेपणाचा त्रासही खराच. लाळग्रंथी भाजलेल्या असतात, त्यात झोपेत लाळ मुळातच कमी सुटते. ग्लासभर पाणी प्यायलं तर तासाभरात लघवीला उठणं आलंच. त्यापेक्षा झोपताना कृत्रिम लाळेच्या जेलचा पातळ थर हिरड्यांना आणि गालांना आतून लावा. उशाशी पाण्याची स्प्रे बाटली ठेवा. दोन फवारे पुरतात. चिकट कफासाठी १ लिटर कोमट पाण्यात १ चमचा मीठ आणि १ चमचा खायचा सोडा घालून झोपण्याआधी गुळण्या करायच्या. अल्कोहोलवाला माउथवॉश नको. सर्दीच्या किंवा ॲमिट्रिप्टिलिनसारख्या (नसांच्या दुखण्यावर किंवा नैराश्यावर देतात त्या) गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, त्यांनी तोंड आणखी सुकतं.

प्रश्न : सासूबाईंना पोटातल्या नळीतून फीड देतो. रात्री झोपल्यावर ठसका लागतो.

उत्तर : फीड पोटातून वर येत असावं. शेवटचं फीड झाल्यावर तासभर बसवून ठेवा. नंतरही आडवं करताना पलंगाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी. नुसत्या उशा रचल्या तर मान वाकते, पोट दाबलं जातं आणि ठसका वाढतो. पाठीपासून उतरती असलेली वेज उशी घ्या. पंपाने रात्रभर फीड चालत असेल तर ते चालू असेपर्यंत पाठ सपाट होऊ द्यायची नाही. ताप, धाप किंवा पिवळा-हिरवा कफ दिसला तर फीड थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा. फीड छातीत गेल्याने न्यूमोनिया झालेला असू शकतो.