संगीताचा पोत ओळखायला शिकताना

संगीताचा पोत, म्हणजे एका वेळच्या चाली एकमेकींत कशा गुंफल्या आहेत, हे ओळखायला नव्याने शिकत असाल, तर गाणारे किती आहेत हे न मोजता एका वेळी किती वेगळ्या चाली सुरू आहेत, हे आधी ऐका. ठाण्यातल्या एखाद्या सोसायटीत गणपतीच्या आरतीला पन्नास जण उभे असतात, पुरुष खालच्या सप्तकात आणि बायका-मुले वरच्या सप्तकात गातात, झांजा वाजतात. तरीही चाल एकच असल्यामुळे तो पोत मोनोफनीचाच राहतो. युरोपातील मध्ययुगीन ग्रेगोरियन स्तोत्रगायनही याच जातीचे आहे.

खरा कस लागतो तो आपल्या मैफलीत. गडकरी रंगायतनात ख्याल ऐकायला बसाल, तेव्हा लक्ष पेटीकडे ठेवा. गायक मींडेने, म्हणजे सूर न तोडता सरकत, गंधारावरून षड्जावर उतरतो; पेटीवर अखंड मींड निघत नसल्याने वादक मधले सूर सुटे वाजवतो आणि किंचित मागाहून पोहोचतो. एकाच चालीची दोन रूपे एकदम ऐकू येतात, म्हणून काटेकोरपणे पाहता ही हेटरोफनी ठरते. तानपुऱ्याचा अखंड षड्ज मात्र मी दुसरी चाल मानत नाही.

होमोफनीत मुख्य चालीला गिटार किंवा पियानोच्या कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा, आधार असतो. बरीच चित्रपटगीते त्यात बसतात. पॉलिफनीसाठी, म्हणजे अनेक स्वतंत्र चाली एकदम चालतात त्या पोतासाठी, जर्मन संगीतकार बाखचा एखादा फ्यूग घ्या. त्यात एकच स्वरवाक्य निरनिराळ्या आवाजांत मागेपुढे प्रवेश करते. त्यातला फक्त खालचा आवाज शेवटपर्यंत गुणगुणून पाहा. तो स्वतंत्र चाल म्हणून उभा राहतो, कॉर्डमधला खर्ज सहसा तसा राहत नाही.